दोन बेला फ्लेट

नेटाने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचा गेलेला महिना टरकन फाडला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘शुक्रवार ते रविवार. एडिनबरा.’ खाली रेघ मारली. रेघ इतक्या जोरात मारली की पेन्सिलीचं टोक मोडलं.

टेबलापलीकडे तिचा मुलगा इनेस बसला होता. वय बावन्न, एल्गिनमध्ये विम्याच्या कचेरीत नोकरी. जगातल्या प्रत्येक गोष्टीला धोका असतो हे त्याला पगारासाठी मानावं लागे, आणि ते मानता मानता तो तसाच होऊन गेला होता. आईसाठी त्याने स्वतःचा एक बेत आखून, छापून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणला होता. त्यात किल्ला होता, पण बाहेरून. एक बाग होती. दुपारी तीनला चहा आणि स्कोन होते. चार वाजता हॉटेलवर विश्रांती होती आणि त्यापुढे काहीच नव्हतं.

“आई, खुबा बदलून पाच महिने झालेत तुझा.”

“खुबा नवा आहे. बाकीचं सगळं जुनं आहे, त्याची तक्रार नाही.”

“आणि हे काय? संग्रहालय, पब, संग्रहालय, पब? तू कधी गेली आहेस पबात?”

“नाही ना. म्हणूनच लिहिलंय. गेले असते तर कशाला लिहिलं असतं?”

इनेसने कपाळ चोळलं. “तू मला म्हणालीस, तुला जरा कल्चर बघायचंय.”

“तेच बघायला चाललेय,” नेटा म्हणाली आणि पेन्सिल तासायला घेतली.

खरं म्हणजे या साऱ्या भानगडीला इनेसच कारणीभूत होता. मार्चमध्ये तो कामासाठी एडिनबराला गेला होता. हातात तासभर मोकळा वेळ होता म्हणून लीथ बंदराजवळच्या एका जुन्या धान्याच्या कोठारात थाटलेल्या छोट्याशा संग्रहालयात शिरला. तिथे भिंतीवर साक्षात आजी. हातात सुरी, कमरेला तेलकट एप्रन, बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या आणि कॅमेऱ्याकडे असं बघणं की फोटो काढणारा दोन पावलं मागे सरला असेल. इनेसने लगेच मोबाइलवर फोटो टिपला आणि घरी येऊन शाबासकीच्या आशेने आईपुढे धरला. फोटोखालची पाटी त्याने वाचली नव्हती. नेटाने वाचली.

‘बेला फ्लेट, फिनेक्टी. हेरिंग साफ करणारी कामगार, यारमथ, १९३७. जखमी बोटांवर पट्ट्या बांधलेल्या दिसतात. १९३६च्या संपात तिसऱ्या दिवशी कामावर परतलेल्या स्त्रियांपैकी एक.’

नेटाने तो मोबाइल शांतपणे टेबलावर पालथा ठेवला. मग उठून तिने धुतलेले कप पुन्हा धुतले. तिची आई संपाच्या पहिल्या दिवशी पिंपावर चढून बोलली होती. इंग्लंडातल्या यारमथच्या धक्क्यावर, जिथे गावच्या बायका दर हंगामाला मासे साफ करायला जायच्या, दोन हजार बायकांपुढे, पिंपामागे मजुरी वाढल्याशिवाय एकाही माशाला सुरी लावायची नाही म्हणून. पोलीस आला तेव्हा ती खाली उतरली नाही, पोलिसालाच तिच्याशी मान वर करून बोलावं लागलं. फिनेक्टीत हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. आणि आता राजधानीत, भिंतीवर, तिच्या तोंडाखाली लिहिलं होतं की ती फुटली.

चूक कशी झाली हेही नेटाला त्याच क्षणी कळलं. कळायला अक्कल लागत नव्हती, फक्त फिनेक्टीत जन्म लागत होता. या गावात अर्धी माणसं फ्लेट आणि उरलेली अर्धी स्मिथ. एकेकाळी एकाच गल्लीत सहा बेला फ्लेट राहायच्या. म्हणून प्रत्येक घराला आडनावापुढे आणखी एक नाव असतं. बोटीच्या कागदावर ते असतं, मतदार यादीत असतं, युद्धात मेलेल्यांच्या दगडावरसुद्धा कोरलेलं असतं. ते का पडलं हे कुणी सांगू शकत नाही. नेटाच्या आईकडचे ‘लॅटिन’. त्यांच्यात लॅटिन सोडा, इंग्रजीही धड लिहिणारं कुणी झालं नाही. आणि तीन घरं पलीकडचे ‘कॅरट’, ज्यांच्यापैकी एकाचेही केस तांबडे नाहीत.

बेला फ्लेट लॅटिन आणि बेला फ्लेट कॅरट. दोघी एकाच टोळीत होत्या. टोळी तिघींची असायची, दोघी मासे चिरायच्या आणि एक पिंपात मिठाचे आणि माशांचे थर लावायची. संपाच्या पहिल्या दिवशी लॅटिनांची बेला पिंपावर चढली आणि तिसऱ्या दिवशी कॅरटांची बेला सुरी घेऊन कामावर गेली. त्यानंतर त्या दोघी जन्मात एकमेकींशी बोलल्या नाहीत. पुढची पन्नास वर्षं एकाच गल्लीत राहून, एकाच विहिरीसारख्या खोल रागात. त्यांच्या मुली बोलायच्या, पण फक्त हवेविषयी.

संग्रहालयाला नेटाने इनेसकडून तीन ईमेल लिहून घेतले. पहिल्याला उत्तर आलं की आपल्या अभिप्रायाची नोंद घेतली आहे. दुसऱ्यालाही तेच आलं. तिसरा ईमेल नेटाने स्वतः सांगून लिहवला, इनेसने त्यातले दोन शब्द गाळले, तरी त्याला खरं उत्तर आलं. रोना मॅकॅस्किल नावाच्या क्युरेटर बाईंचं होतं. फोटोच्या मागे फक्त ‘बेला फ्लेट, १९३७’ एवढंच आहे. पिंपं बनवणाऱ्या एका कारागिराच्या डायरीत ‘फिनेक्टीची बेला फ्लेट तिसऱ्या दिवशी परत आली’ असं आहे. आपण म्हणता तशा दोन बेला असतीलही, पण आपण एकीच्या कन्या आहात. दुसऱ्या घराण्यातल्या कुणी येऊन काही सांगितलं तर विचार करता येईल. मात्र दालन सोमवारी बंद होत आहे. हाच फोटो आता भिंतभर मोठा करून कायमचा लावायचा आहे आणि त्याची पाटी सोमवारी सकाळी छपाईला जाईल.

“कायमचा म्हणजे किती, विचार,” नेटा म्हणाली होती.

उत्तर आलं, किमान पंधरा वर्षं. नेटा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. बेरीज तिला येत होती.

“आई, एवढ्याशा पाटीसाठी...” इनेसने पुन्हा सुरुवात केली.

“एवढीशी? भिंतभर करणार आहेत ती. पोरांच्या सहली येणार, मास्तर बोट दाखवून सांगणार, ही बघा फुटलेली बाई. माझ्या आईकडे बोट दाखवून.” नेटाने पेन्सिल खाली ठेवली. “तुझी बाग तू बघ. तुझा तीनचा चहा तू पी. मी शनिवारी सकाळी दहाला त्या दारात उभी असणार आणि पाटी बदलल्याशिवाय हलणार नाही. तू सोडायला येतोस का कीथ स्टेशनवर, की बसने जाऊ?”

इनेस सोडायला येतो म्हणाला. त्याला आपल्या आईची माहिती होती.

पण बेतात एक भोक होतं आणि ते नेटाने कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं नव्हतं. त्या भोकाचं नाव मीना होतं. विलियमिना फ्लेट कॅरट, वय ऐंशी, दुसऱ्या बेलाची एकुलती एक मुलगी.

त्याच दुपारी नेटा तीन घरं चालून गेली. मीना स्टुलावर उभी राहून खिडकीच्या चौकटीला निळा रंग देत होती. फिनेक्टीत दर उन्हाळ्यात घर रंगवतात आणि दुसऱ्याचं घर आपल्यापेक्षा नीट रंगलेलं दिसलं की जेवण गोड लागत नाही.

“वारा पश्चिमेचा आहे,” नेटा म्हणाली.

“सुकेल मग लवकर,” मीना म्हणाली.

एवढ्यावर त्यांचं संभाषण साठ वर्षं संपत आलं होतं. नेटा हलली नाही. मीनाने कुंचला डब्यावर आडवा ठेवला आणि वळून पाहिलं.

नेटाने आडवळण घेतलं नाही. फोटो, पाटी, सोमवार, सगळं उभ्या उभ्या सांगितलं. मीनाने मोबाइलवरचा फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. बोटाने तो मोठा करत करत ती तोंडाकडे नाही, हातांकडे पाहत राहिली. बराच वेळ.

“म्हणजे मी एडिनबरापर्यंत येऊन माझ्या आईची चुगली करायची,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“लाज नाही वाटत विचारायला?”

“वाटते. म्हणून तर वाऱ्यापासून सुरुवात केली.”

मीनाच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू होतं की नाही ते नेटाला ठरवता आलं नाही. “तुझ्या कागदावर पब आहेत म्हणे. इनेस दुकानात सांगत होता, आई बिघडली म्हणून.”

“आहेत.”

“पब मी निवडणार. आणि खिडकीतलं टेबल पाहिजे. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं.” मीना पुन्हा रंगाकडे वळली. “माझी आई आयुष्यभर शेरीचा घोट पडदा ओढून घ्यायची. मला खिडकी पाहिजे.”

“आणि तिथे काय सांगशील? संग्रहालयात?”

“ते मी बघेन.”

नेटा घरी आली ती धाकधूक घेऊनच. कॅरटांची सबब सगळ्या गावाला पाठ होती. बेलाची धाकटी बहीण यारमथच्या भाड्याच्या खोलीत तापाने फणफणली होती, घरमालकीण हाकलून देत होती, म्हणून बेला कामावर गेली. हीच गोष्ट मीना तिथेही रंगवून सांगणार, आणि मग ती शहरी बाई म्हणणार, किती करुण, हीच फोटोतली असेल. पण मीनाशिवाय इलाज नव्हता. नेटाने कॅलेंडरच्या पाठीवर ‘पब’ हा शब्द खोडून ‘पब (मीना)’ असं लिहिलं.

शुक्रवारी कीथहून गाडी निघाली. अॅबर्डीनला बदलली. दोघी समोरासमोर बसल्या होत्या आणि प्रत्येकीने आपापले सँडविच आणले होते, दुसरीकडून घ्यायची वेळ येऊ नये म्हणून. हवेविषयीचं बोलणं स्टोनहेवनपर्यंत पुरलं. त्यानंतर नेटाने समुद्र पाहिला आणि मीनाने आपल्या मांडीवरची शिवणाची पिशवी. पिशवीतून पिठाच्या पोत्याचं जुनं कापड डोकावत होतं. नेटाने विचारलं नाही. न विचारण्याचा सराव तिला आईच्या वेळेपासून होता.

शनिवारी दहाला पाच कमी असताना त्या कोठाराच्या दारात उभ्या होत्या.

रोना मॅकॅस्किल बत्तीस वर्षांची असावी. आवाज मऊ, कार्डिगनच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. ती स्वतः दार उघडायला आली आणि दोघींना चहा विचारला. नेटाला ती वाईट वाटली असती तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं, हे तिला विम्याच्या कचेरीतल्या मुलाने शिकवलं होतं.

फोटो मोबाइलपेक्षा खूप मोठा होता. आई एकवीस-बावीसची, आणि नेटा तिच्यापुढे म्हातारी. नेटा कामाला लागली.

“सुरी बघ, पोरी. डाव्या हातात आहे. माझी आई डावरी होती. कॅरटांची बेला उजवी. झालं की नाही सिद्ध?”

रोनाने खरोखरच्या दुःखाने मान हलवली. “मिसेस फ्लेट, मीही आधी तेच पाहिलं. पण त्या काळात निगेटिव्हची काच उलटी ठेवून फोटो छापायचे कधीकधी. डावं उजवं होतं. आमच्याकडे मूळ काच नाही. हा पुरावा धरता येत नाही.”

नेटाने गेले दोन महिने या डाव्या हातावर मदार ठेवली होती. आता ती नुसती उभी राहिली. तिच्या आईला पोलिसाने ओरडून खाली उतरवलं नव्हतं, आणि तिला एका मऊ आवाजाच्या मुलीने एका वाक्यात उतरवलं.

“हे काय लिहिलंय?” मीना म्हणाली. ती पाटीला नाक लावून उभी होती. “जखमी बोटांवर पट्ट्या?”

“हो, म्हणजे त्या सुऱ्या फार धारदार...”

मीना हसली. ऐंशी वर्षांच्या बाईचं ते मोकळं हसणं दालनात घुमलं. “बाई गं. जखम झाल्यावर कोण बांधत बसलंय? मासा थांबतो का तुझ्यासाठी? मिनिटाला पन्नास हेरिंग चिरायच्या त्या. कामाच्या आधी बांधायच्या, पहाटे, प्रत्येक बोटाला. लागू नये म्हणून. एकदा लागलं की मीठ आत शिरायचं आणि मग हंगाम गेला.”

रोनाने खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. कान लाल झाले होते, पण लिहून घेतलं.

“आता मला सांग,” मीना म्हणाली, “दोन्ही हातांची दहा बोटं तू स्वतःची स्वतः बांधशील?”

“नाही बहुतेक.”

“बहुतेक नाही, नाहीच. एक हात कसाबसा होतो. दुसरा दुसरीने बांधायचा. म्हणून टोळीतल्या दोघी समोरासमोर बसायच्या आणि एकमेकींची बोटं बांधायच्या. आणि प्रत्येकीची बांधायची तऱ्हा वेगळी असायची.” तिने पिशवी उघडली. “नेटा, हात दे.”

नेटाने हात पुढे केला. का केला हे तिला नंतरही सांगता आलं नाही. मीनाने पोत्याच्या कापडाची पट्टी फाडली आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. तीन वेढे, मग दोऱ्याची फुली, पुन्हा फुली, आणि दोऱ्याचं टोक वर न ठेवता दोन बोटांच्या मधल्या बाजूला आत खोचलेलं. दोरा ती दाताने तोडत होती. एक बोट, दुसरं बोट. पाचही झाली. दुसरा हात. दालनात आलेलं एक कुटुंब थांबून पाहू लागलं आणि कुणी त्यांना हटकलं नाही.

“हे माझ्या आईने शिकवलं मला. टोक आत, म्हणजे ते माशाच्या कल्ल्यात अडकत नाही. बाकी सगळ्या वर गाठ मारायच्या. टोक आत खोचणारी गावात एकटी ती.” मीनाने नेटाची दोन्ही मनगटं धरून हात फोटोजवळ नेले. “आता बघ.”

रोनाने भिंग आणलं. नेटाची बोटं, मग आईची बोटं. नेटाची, मग आईची. दोन फुल्या अंगठ्याला. टोक आत. दोन्ही हातांना, दहाही बोटांना.

“काच उलटी असो की सुलटी,” मीना म्हणाली, “दोन्ही हात माझ्या आईने बांधलेत. म्हणजे हे हात माझ्या आईचे नाहीत. ही लॅटिनांची बेला आहे.”

रोना आपल्या डाव्या हाताने आपल्याच उजव्या अंगठ्याभोवती दोरा गुंडाळून पाहत होती आणि तो पुन्हा पुन्हा सुटत होता.

नेटाला आनंद व्हायला हवा होता. पण तिची नजर पाटीवरच्या आकड्यावर खिळली होती. “हे सदतीस सालचं आहे,” ती म्हणाली. “संप छत्तीसचा. आई सांगायची, त्या दिवसानंतर मी तिला माझ्या बोटाला बोट लावू दिलं नाही.”

“लॅटिन बायका सांगतात पुष्कळ,” मीना म्हणाली. आवाजात कुचकेपणा नव्हता. “पुढच्या हंगामाला माझ्या आईला कुणी टोळीत घेईना. तरी ती गेली यारमथला, ज्या धक्क्यावर सगळ्या तोंड फिरवणार तिथेच. पहिल्या पहाटे ती खोलीत एकटी बसली होती चिंध्या घेऊन. तुझी आई आली, समोर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. शब्द नाही. आईने बांधले. मग तुझ्या आईने तिचे बांधले. दोन हंगाम, रोज पहाटे, लढाई सुरू होईपर्यंत. एक शब्द नाही.”

“मला कधीच नाही सांगितलं.”

“तुला कशी सांगेल? पिंपावर चढलेली बाई ती.”

नेटा फोटोकडे पाहत राहिली. आईचा तिला राग आला, खराखुरा. आयुष्यभर त्या गल्लीतून मान ताठ ठेवून चालायला शिकवलं आणि खरी गोष्ट मात्र स्वतःजवळ ठेवली. आणि त्या रागाच्या पाठोपाठ इतका अभिमान दाटून आला की तिला बाकावर बसावं लागलं.

“म्हणजे तिसऱ्या दिवशी परतल्या त्या...” रोनाने सावकाश विचारलं.

“त्यांची बहीण आजारी होती,” नेटा एकदम म्हणाली. ती सबब तिने आयुष्यभर थट्टेने ऐकवली होती. आज ती तिने स्वतःहून पुढे केली. “भाड्याच्या खोलीत, तापाने...”

“नव्हती,” मीना म्हणाली. “मावशी ठणठणीत होती, शहाण्णव वर्षं जगली. सगळ्या सबबी मी लहानपणापासून ऐकल्यात आणि त्यातल्या अर्ध्या मीच बनवल्यात. माझी आई घाबरली. एकवीस वर्षांची होती, पोलीस बघितले, घाबरली आणि गेली कामावर. बस. मरताना मला म्हणाली, मीना, मी घाबरले होते, एवढंच. कुणाला सांगायची सोय नव्हती बिचारीला.” तिने पिशवीचा बंद ओढला. “तिचं नाव जगात कुठेही लिहिलेलं नाही, या एका पाटीखेरीज. ते खोडायला मी आलेली नाही. ते नीट लिहून घ्यायला आले आहे. घाबरली हे लिही. आणि परत गेली हेही लिही.”

रोनाने वही मिटली. “मला हे मनापासून पटतंय. पण मजकूर समितीने मंजूर करावा लागतो आणि समिती गुरुवारी...”

“छपाई सोमवारी आहे,” नेटा म्हणाली.

“हो, पण...”

“मग आम्ही बसलोय.” नेटाने बाकावर सरकून मीनाला जागा केली. चिंध्या बांधलेले दोन्ही हात मांडीवर ठेवले. “रविवारी उघडं असतं ना इथे? आमचं रविवारपर्यंतचं नियोजन आहे. सोमवारी मला तसं काही काम नाही. माझ्या आईला पोलीस उतरवू शकला नाही, समितीला सांग प्रयत्न करून बघायला.”

मीना बसली. पिशवीतून तिने सँडविच काढलं, मधोमध मोडलं आणि अर्धं नेटापुढे धरलं. बांधलेल्या बोटांनी नेटाने ते घेतलं.

रोनाने दोघींकडे पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि तिचा तो मऊ आवाज बंद दारातून बराच वेळ ऐकू येत राहिला. ती फोनवर कुणाला तरी सांगत होती की नाही, गुरुवारपर्यंत थांबता येणार नाही, आणि हो, जबाबदारी माझी. शेवटी शेवटी आवाज मऊ राहिला नव्हता. ती लॅपटॉप घेऊन बाहेर आली तेव्हा बारा वाजून गेले होते.

“चाळीस शब्दांच्या वर जाता येत नाही,” ती म्हणाली.

“मोज,” नेटा म्हणाली.

त्या तिघींनी मिळून मोजले. ‘जखमी’ पहिल्यांदा गेला. नेटाला ‘पिंपावर चढली’ हवं होतं, ते राहिलं. मीनाला ‘घाबरली’ हवं होतं, तेही राहिलं, नेटाने दोनदा विचारूनही. शेवटी पडद्यावर असं उरलं :

‘बेला फ्लेट “लॅटिन”, फिनेक्टी. यारमथ, १९३७. १९३६च्या संपात पिंपावर चढून बोलली. बोटं कामाआधी बांधली आहेत, लागू नये म्हणून. बांधणारी : बेला फ्लेट “कॅरट”. ती घाबरून तिसऱ्या दिवशी कामावर गेली होती. पुढच्या वर्षी याच धक्क्यावर परत आली.’

नेटाने ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा मोठ्याने वाचलं. “छाप,” ती म्हणाली.

मीनाने निवडलेला पब बंदराच्या काठावर होता. खिडकी पुरुषभर उंच होती आणि फुटपाथ तिच्या इतका जवळ होता की जाणाऱ्या माणसाचा खांदा काचेला घासत होता. मीना खुर्ची सरकवून मुद्दाम उजेडात बसली. तिने व्हिस्की मागवली. नेटानेही तीच मागवली आणि पाणी नको म्हणून सांगितलं. तेवढ्यात पर्समध्ये मोबाइल वाजला.

“आई, ठीक आहेस ना?” इनेसचा आवाज आला. “किल्ला बघितला?”

“बाहेरून,” नेटा म्हणाली. “तू सांगितलंस तसा.”

“आणि आता?”

“आता तुझ्या कागदावर विश्रांती आहे. तीच चाललीय. मीनाबरोबर.”

पलीकडून उत्तर यायच्या आत नेटाने फोन बंद करून टाकला.

मीना तिच्या हातांकडे पाहत होती. “सोड आता ते. ग्लास कसा धरशील?”

“राहू दे.”

“लोक बघतायत.”

“खिडकी कुणाला पाहिजे होती?” नेटा म्हणाली.

पबवाला ग्लास घेऊन आला. दांडगा, दाढीवाला, चेहऱ्याने सालस. नेटाच्या दहा बोटांवरच्या चिंध्या पाहून तो थबकला. “अरेरे. हातांना काय लागलं, आजी?”

नेटाने दोन्ही हातांनी ग्लास उचलला. मीनाने आपला उचलला.

“काही नाही लागलं,” नेटा म्हणाली. “हिने बांधलंय. लागू नये म्हणून.”